रोज तेरा सेकंद पुढे जाणारी घंटा: एका स्वयंचलित घंटायंत्राचे परीक्षण

गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या ज्या मराठी शाळेच्या पालक-शिक्षक संघाचे काम मी काही वर्षे पाहतो आहे, त्या शाळेने गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक स्वयंचलित घंटायंत्र विकत घेतले. त्याआधी व्हरांड्याच्या टोकाला लोखंडी रुळाचा एक तुकडा टांगलेला होता आणि तासाला तास शाळेचा शिपाई तो वाजवत असे. तो निवृत्त झाला, त्याच्या जागी नवा माणूस लवकर मिळेना, म्हणून संघाने वर्गणी काढून यंत्र घेतले. माझा व्यवसाय छोट्या नियंत्रक संगणकांची आज्ञावली लिहिण्याचा असल्यामुळे यंत्र निवडण्याचे आणि पुढे ते सांभाळण्याचे काम माझ्याकडे आले. वर्षभराच्या वापरानंतर हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण येथे सांगितलेला दोष तिने अखेर दुरुस्त केला आहे, आणि ज्या चुकीबद्दल मला लिहायचे आहे ती इतर कोणत्याही कंपनीच्या यंत्रात तशीच सापडू शकते.

यंत्राची बांधणी उत्तम आहे, हे आधी सांगितले पाहिजे. पत्र्याची जाड पेटी, समोर तास, मिनिटे आणि सेकंद दाखवणारे सहा मोठे लाल अंक, खाली कळफलक, आत दोन विजेच्या घंटा चालवणारा रिले आणि सोबत यूपीएस अशी त्याची रचना आहे. साधे दिवस, शनिवार, परीक्षा आणि कार्यक्रमाचा दिवस अशी चार वेळापत्रके त्यात साठवता येतात व एका कळीने बदलता येतात. आमच्या भागात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, पुस्तकांना बुरशी लागते, आणि स्विचबोर्डातले स्क्रू गंजतात. तरीही आतल्या बोर्डावर वर्षभरात गंजाचा एक ठिपका आलेला नाही, कारण त्यावर ओल रोखणारा लेप व्यवस्थित दिलेला आहे. घंटेचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत पोचतो. एवढ्या बाबतीत मी या यंत्राला पूर्ण गुण देतो.

तक्रार वेळेची होती. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘घंटा थोडी लवकर होते असं वाटतं हो.’ महिना संपेपर्यंत ते वाटणे राहिले नाही, कारण यंत्र सहा मिनिटांहून अधिक पुढे गेले होते. सकाळी ज्या मुलांची बस नेहमीच्या वेळेला येत होती ती मुले उशिरा आलेली ठरू लागली आणि दुपारी शाळा सुटल्यावर तीच मुले बसची वाट पाहत फाटकाशी जास्त वेळ उभी राहू लागली. विक्रेत्याने पाठवलेल्या माणसाने यंत्र उघडून पाहिले आणि सांगितले, ‘सर, गोव्याची हवा दमट, त्यात व्होल्टेज कमीजास्त होतं. घड्याळाची बॅटरी बदलून देतो.’ त्याने बॅटरी बदलली, वेळ लावून दिली, आणि यंत्र पुन्हा पूर्वीच्याच गतीने पुढे जाऊ लागले.

दमट हवेचे कारण मला पटले नाही, कारण क्रिस्टलचा, म्हणजे ठरावीक गतीने कंप पावून घड्याळाला ताल देणाऱ्या स्फटिकाचा, दोष असता तर तो तापमानाबरोबर थोडा तरी हलला असता. मी वहीत रोज सकाळी मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक लिहीत होतो. मुसळधार पावसाच्या दिवशीही तो तेरा सेकंदांच्या आसपास होता आणि उघडिपीच्या कडक दुपारनंतरही तेवढाच होता. शिवाय साधा क्रिस्टल दहा लाखांत वीस ते पन्नास भागांपर्यंत चुकतो, म्हणजे दिवसाला फार तर दोन ते चार सेकंद. तेरा सेकंद म्हणजे दहा लाखांत दीडशे भाग, आणि एवढा बिघडलेला क्रिस्टल सहसा पाहायला मिळत नाही.

खरा धागा एका वादळी रात्रीने दिला. ऑगस्टमध्ये वीज सलग नऊ तास गेली, यूपीएस रिकामा झाला आणि यंत्र बंद पडले. सकाळी वीज आल्यावर ते आपोआप सुरू झाले, तेव्हा आदल्या दिवशी कित्येक मिनिटे पुढे असलेली त्याची वेळ अगदी बरोबर होती. याचा अर्थ असा की यंत्रात दोन घड्याळे होती. एक बॅटरीवर चालणारी घड्याळाची चिप, जी बरोबर होती, आणि दुसरे कर्नेलने, म्हणजे यंत्राच्या संगणकप्रणालीच्या गाभ्याने, स्वतः मोजलेले घड्याळ, जे चुकत होते. यंत्र सुरू होताना चिपकडून वेळ एकदा वाचली जात होती आणि त्यानंतर कर्नेल आपल्या हिशेबाने पुढे मोजत राहत होता. म्हणजे जी बॅटरी बदलण्यात आली, तिचा या दोषाशी काही संबंध नव्हता. त्या दिवसापासून शाळा उघडताना यंत्र एकदा बंद करून सुरू करण्याचा तात्पुरता उपाय आम्ही केला आणि तो पुरेसा ठरला.

यंत्रात लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचा कर्नेल आहे हे पेटीसोबतच्या पुस्तिकेत लिहिलेले होते. लिनक्स ज्या परवान्याखाली दिले जाते त्यानुसार यंत्र विकणाऱ्याने मागणाऱ्या ग्राहकाला कर्नेलचा सोर्स कोड द्यावा लागतो. मी ईमेल पाठवला आणि तीन आठवड्यांनी पेन ड्राइव्ह आली. कंपनीने यात कोणतीही टाळाटाळ केली नाही, आणि पुढे जे काही दुरुस्त झाले ते यामुळेच होऊ शकले. कर्नेल २.४ मालिकेतला होता. ही मालिका जानेवारी २००१ मध्ये सुरू झाली. एवढा जुना कर्नेल घेतला म्हणून मी कंपनीला दोष देणार नाही, कारण घंटा वाजवायला तो पुरतो. दोष त्यातल्या एका आकड्यात केलेल्या बदलात होता.

कर्नेलला काळ कळतो तो टायमर चिपने ठरावीक अंतराने दिलेल्या ठोक्यांतून. एका सेकंदात असे किती ठोके घ्यायचे याच्या स्थिरांकाला कर्नेलमध्ये एचझेड म्हणतात. पीसी पद्धतीच्या यंत्रांवर २.४ मध्ये तो १०० होता, म्हणजे दर दहा मिलिसेकंदांनी एक ठोका. कंपनीने तो १००० केला होता. कारण कोडमधल्या टिपेतच होते, आणि ते रास्त होते. सहा लाल अंक एकाच वेळी पेटत नाहीत. एका वेळी एकच अंक पेटतो आणि प्रत्येक ठोक्याला पाळी पुढच्या अंकाकडे जाते. दहा मिलिसेकंदांच्या ठोक्याने सहा अंकांची फेरी साठ मिलिसेकंदांत होते, म्हणजे सेकंदाला जेमतेम सतरा फेऱ्या, आणि अंक डोळ्यांना स्पष्ट लुकलुकताना दिसतात. एक मिलिसेकंदाच्या ठोक्याने फेऱ्या दीडशेच्या वर जातात आणि अंक स्थिर दिसतात. लिनक्सने स्वतःही पुढच्या २.६ मालिकेत पीसीसाठी हाच आकडा १००० केला होता. कंपनीने आकडा तेवढा उचलला, पण २.६ मध्ये त्या आकड्याबरोबर जी दुसरी दुरुस्ती आली होती ती उचलली नाही.

आता भागाकार पाहू. पीसीच्या टायमर चिपला मिळणारी वारंवारता सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ स्पंदने एवढी असते. हा विचित्र आकडा १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आला आहे. त्यात १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल वापरला होता, जो अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीच्या रंग-संकेताच्या वारंवारतेच्या चौपट असल्यामुळे स्वस्तात मिळत असे, आणि त्याला बाराने भागून टायमरची वारंवारता काढली होती. चिपला सांगावे लागते की किती स्पंदनांनंतर एक ठोका द्यायचा, आणि ही संख्या पूर्णांकच असावी लागते. ११,९३,१८२ ला १००० ने भागले की ११९३.१८२ येतात. कर्नेल ११९३ घेतो. भागण्याआधी एचझेडचा अर्धा भाग मिळवून तो जवळचा पूर्णांक निवडतो, त्यामुळे या पायरीवर कर्नेलने काहीही चूक केलेली नाही. चिपकडून यापेक्षा चांगला ठोका मिळूच शकत नाही.

चूक पुढच्या ओळीत आहे. ११९३ स्पंदनांचा ठोका पूर्ण एक मिलिसेकंदाचा नसतो. तो सुमारे ९,९९,८४७ नॅनोसेकंदांचा असतो, म्हणजे एक मिलिसेकंदाला दीडशेहून थोडे अधिक नॅनोसेकंद कमी. पण २.४ चा कर्नेल प्रत्येक ठोक्याला आपल्या घड्याळात १००० मायक्रोसेकंद मिळवतो, कारण तो आकडा त्याने दहा लाखांना एचझेडने भागून वेगळाच काढलेला असतो. चिपला दिलेल्या संख्येत जो अपूर्णांक सोडून दिला, त्याची खबर या दुसऱ्या भागाकाराला नसते. सेकंदाला १००० ऐवजी १०००.१५ ठोके येतात आणि प्रत्येक ठोका पूर्ण मिलिसेकंद म्हणून जमा होतो. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ही गळती १३.१८ सेकंदांची होते. माझ्या वहीतला आकडा कागदावर उतरलेला पाहून मला मनापासून समाधान वाटले.

मूळचा आकडा १०० ठेवला असता तर काय झाले असते, हेही पाहण्यासारखे आहे. ११,९३१.८२ ऐवजी ११,९३२ घेतले जातात. अपूर्णांक तेवढाच, पण तो दहापट मोठ्या संख्येतला. त्यामुळे चूक दहा लाखांत फक्त पंधरा भाग, दिवसाला सव्वा सेकंदाच्या जरा वर, आणि तीही मागे पडण्याची. साध्या क्रिस्टलची स्वतःची चूक यापेक्षा मोठी असू शकते, म्हणून वर्षानुवर्षे ती कोणाच्या डोळ्यांवर आली नाही. ठोके दसपट केले की सोडलेला अपूर्णांक दसपट जड होतो, आणि ज्या गृहीतावर आजवर निभावले होते ते उघडे पडते. २.६ मध्ये एचझेड १००० करताना कर्नेलकारांनी ठोक्याची खरी लांबी नॅनोसेकंदांत काढून तीच घड्याळात मिळवायला सुरुवात केली, ती याचसाठी.

येथे परीक्षेविषयी पालकांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो. तीन तासांच्या पेपरात या दोषाने मुलांचा वेळ दीड-पावणेदोन सेकंदांनी कमी होतो, त्यामुळे कोणाचेही नुकसान झालेले नाही. कालावधी मोजण्यात यंत्र बहुतेक बरोबरच असते. रोजची चूक साठत गेल्यामुळे ‘आता किती वाजले’ याचे उत्तर मात्र ते चुकवते.

मी सर्व हिशेब मांडून कंपनीला पत्र लिहिले. त्याआधी तीस दिवस यंत्र मुद्दाम बंद न करता चालवले, आणि ते सहा मिनिटे बावीस सेकंद पुढे गेले. हिशेबाने सहा मिनिटे पस्तीस सेकंद यायला हवे होते. तेरा सेकंदांचा फरक म्हणजे या यंत्राच्या क्रिस्टलची स्वतःची, किंचित मागे पडण्याची चूक, दहा लाखांत पाच भाग. हा क्रिस्टल खरे तर चांगल्या दर्जाचा आहे, आणि सारा दोष त्याच्यावरच ढकलला जात होता.

कंपनीची पहिली दुरुस्ती अर्धवट होती. त्यांनी एचझेड २५० केला. २.६.१३ पासून, म्हणजे २००५ पासून, लिनक्समध्ये हा आकडा निवडता येऊ लागला आणि पीसीसाठी २५० हा ठरीव पर्याय झाला, त्यामुळे कोणाला तरी तो सुरक्षित वाटला असावा. पण भागाकार तोच आहे. ४७७२.७३ ऐवजी ४७७३ घेतले जातात, ठोका चार मिलिसेकंदांहून किंचित लांब होतो, आणि घड्याळ दिवसाला पाच सेकंद मागे पडू लागते. दहा दिवसांत आमचे यंत्र ५४ सेकंद मागे पडले. भरीस भर म्हणून सहा अंकांची फेरी चोवीस मिलिसेकंदांची झाली आणि नजर बाजूला वळवली की अंक थरथरताना दिसू लागले. पहिलीच्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी ते हेरले.

दुसऱ्या फोनवर कंपनीचा अभियंता म्हणाला, ‘सर, मग ठोक्याला १००० च्या जागी ९९९ मायक्रोसेकंद मिळवू या का?’ प्रश्न प्रामाणिक होता, पण तसे केले तर चूक उलट दिशेला जाऊन दिवसाला ७३ सेकंदांवर पोचते. खरी लांबी ९९९.८५ मायक्रोसेकंदांच्या जवळ आहे आणि मायक्रोसेकंदांच्या पूर्णांकांत ती बसतच नाही. नॅनोसेकंदांत मोजले तरी काही थोडे उरतेच. ९,९९,८४७ घेऊन उरलेला जवळजवळ अर्धा नॅनोसेकंद टाकून दिला, तर वर्षाला पंधरा सेकंदांचा फरक पडतो. म्हणून बाकी टाकायची नाही, बाजूला साठवत जायची आणि ती पुरी झाली की एक नॅनोसेकंद जास्तीचा मिळवायचा, हा उपाय मी सुचवला. अभियंत्याला मी तो पंचांगाच्या भाषेत सांगितला. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे, सौरवर्ष ३६५ दिवसांचे, दरवर्षी अकरा दिवस उरतात. पंचांगकर्ते ते विसरत नाहीत. ते साठत जातात आणि सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी अधिक मास घालून हिशेब जुळवला जातो, म्हणून चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, दरवर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धातच येते. कर्नेलच्या घड्याळालाही असाच अधिक मास हवा. हे सांगितल्यावर त्याला एका क्षणात सारे उमगले.

तिसरी आवृत्ती महिन्याभराने आली. एचझेड पुन्हा १०००, ठोक्याची लांबी नॅनोसेकंदांत आणि बाकीसाठी वेगळा साठा. अंक स्थिर झाले. तीस दिवसांत यंत्र तेरा सेकंद मागे पडले, म्हणजे उरली आहे ती फक्त क्रिस्टलची चूक. तीही काढायची असेल तर कर्नेलमध्ये घड्याळाची गती दहा लाखांत काही भागांनी कमीजास्त करण्याची सोय असते, पण शाळेच्या घंटेसाठी मला ती वापरण्याची गरज वाटली नाही. दर महिन्याला एकदा वेळ लावली की पुरे.

एक उणीव अजून शिल्लक आहे. ठोके मोजणारा आकडा ३२ बिटांचा आहे, म्हणजे एका मर्यादेपर्यंत मोजून तो पुन्हा शून्यावर येतो. एचझेड १०० असताना तो भरून शून्यावर यायला ४९७ दिवस लागतात, १००० असताना ४९ दिवस आणि सतरा तास. विंडोज ९५ आणि ९८ मधला ४९.७ दिवसांनी संगणक गोठवणारा दोष याच मापाचा होता. कंपनीने लिहिलेल्या घंटेच्या भागात मला चार ठिकाणी दोन वेळांची तुलना सरळ ‘लहान-मोठे’ अशी केलेली आढळली, जी आकडा शून्यावर आल्यावर फसू शकते. त्यासाठी कर्नेलमध्ये तयार तुलना दिलेली आहे, ती वापरायला हवी होती. २.६ पासून तर हा आकडा मुद्दाम अशा जागेवरून सुरू होतो की पीसीवर यंत्र चालू झाल्यावर पाचच मिनिटांत तो शून्यावरून जावा आणि असा चुकीचा कोड विकसकाच्या टेबलावरच उघडा पडावा. ही योजना मला फार आवडते. आमच्या यंत्रात ती नाही, म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही ते बंद करून पुन्हा सुरू करतो आणि त्याच वेळी घड्याळही तपासतो. कंपनीने पुढच्या आवृत्तीत हे दुरुस्त करण्याचे मान्य केले आहे.

घंटायंत्र घेऊ पाहणाऱ्या इतर शाळांनी विक्रेत्याला आतला कर्नेल कोणता आहे हे अवश्य विचारावे. २००६ च्या २.६.१८ पासून लिनक्सने घड्याळाचे मोजमाप ठोक्यांपासून वेगळे करायला सुरुवात केली आणि स्पंदने मोजणाऱ्या एखाद्या वेगवान गणकावरून वेळ काढली जाऊ लागली, त्यामुळे त्यानंतरच्या कर्नेलवर एचझेडचा आकडा बदलल्याने घड्याळ असे बिघडण्याची भीती फारशी उरत नाही. यंत्रात लिनक्स नसून कंपनीचाच छोटा कर्नेल असेल आणि तो मनगटी घड्याळातल्या ३२,७६८ हर्ट्झच्या क्रिस्टलवर चालत असेल, तर सेकंदाला ठोके किती हे विचारावे. १२८ किंवा १०२४ असतील तर भागाकार निःशेष आहे. अल्फा प्रोसेसरवरच्या लिनक्सनेही १०२४ हाच आकडा वापरला होता. १००० असतील तर ३२.७६८ मधला अपूर्णांक कोठे जातो हे नीट समजून घ्यावे, कारण तेथे ३२ घेतले तर घड्याळ दिवसाला अर्ध्या तासाहून अधिक पुढे पळते.

आमच्याकडचे यंत्र तिसऱ्या आवृत्तीसह मी आज निःशंकपणे सुचवीन. जुना साठा अजून विक्रेत्यांकडे असू शकतो, तेव्हा पैसे पूर्ण देण्यापूर्वी यंत्र आठवडाभर बंद न करता चालवून पाहावे आणि पहिल्या व आठव्या दिवशी त्याच वेळी मोबाइलशी ताडावे. दीड मिनिटाच्या आसपास पुढे गेले असेल तर पहिली आवृत्ती आहे, अर्ध्या मिनिटाहून थोडे जास्त मागे पडले असेल तर दुसरी, आणि दोन्ही बाबतीत तिसरी आवृत्ती घालून मिळेपर्यंत यंत्र भिंतीवर चढवू नये.